आक्काची तंबी

सातवीत शाळा सोडलेला मी, गिरणी बंद पडल्यावर सोलापूरहून तंजावरला आलो आणि मराठी येणाऱ्या एका तमिळ बाईच्या परसात कातडी कमवायला लागलो. तिला नुसतं आक्का म्हणायचो. बकऱ्याच्या ओल्या कातड्याला ते मऊ राहावं म्हणून ती बकऱ्याचाच मेंदू चोळायची आणि एक टोक पायाखाली धरून वाळेपर्यंत ओढत राहायची.

पहिल्याच दिवशी मी मध्येच जेवायला उठलो आणि माझं कातडं पापडासारखं कडक झालं. ते टिचकीनं वाजवत ती म्हणाली, “तंबी.”

मी घाईनं हात जोडले. “पहिल्याच दिवशी तंबी? आक्का, कामावरून काढू नका.”

ती हसत खालीच बसली. “अरे, आमच्या तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. कातडं रुसलंय फक्त. भिजव, परत ओढ.”

संध्याकाळी कातडं मऊसूत झालं. पुढं रोज सकाळी पहिली तंबी कधी मिळते, याची मी वाट बघायचो.