नकाशावरचा थांबलेला ठिपका

माझं डोकं तापलं की एक किस्सा तयार होतो. आणि आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या संगतीत डोकं रोजच तापतं, त्यामुळे साठा भरपूर!

गारखेड्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझा अँटेना आणि एक पेटी आहे. मित्रांच्या गाड्यांवरचे रेडिओ दर दोन मिनिटांनी आपला ठावठिकाणा सांगतात. पेटी तो ऐकते, इंटरनेटवर टाकते आणि नकाशावर ठिपका दिसतो. काम हौसेचं. पण पवार काकूंसाठी ती हौस नाही. पवार सर, आमच्यातले निवृत्त मास्तर, रोज स्कूटीवर फुलंब्रीकडच्या शेतात जातात. शुगर आहे. शेताच्या वाटेवर मोबाईलला रेंज नाही. काकू दिवसभर त्या ठिपक्यावर नजर ठेवून असतात.

*

मागच्या वर्षी आमच्यातल्याच शेखभाईंनीही पेटी बसवली. अक्षांश-रेखांश उलटे भरले! नकाशावर त्यांचं घर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात. मी सांगितलं, तर म्हणे, “नक्शाच गलत है!” दोन दिवस भांडले माझ्याशी.

शेवटी भाभींचा फोन आला. “भाईजान, इत्ती दूर गए हैं तो आते वख्त दही लाने को बोलो उनकू!”

*

ग्रुपमधल्या सचिननं कारमधला रेडिओ दर पाच सेकंदांवर लावला. सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच, त्यामुळे हा बोलत राहिला की बाकीच्यांचे निरोप बुडतात. सरांचा ठिपका गायब! मी तणतणत क्रांती चौक गाठला. साहेब हॉटेलात जेवत होते, कार बाहेर उभी.

“उभी गाडी पळून चाललीय का रे?”

“भाऊ, लोकांना कळाय पायजे ना आपण कुठं हाओत!”

“कळलं! दुसरी थाळी मागवलीस तेही कळलं!”

*

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाबाराव. त्यांनी एकदा गच्चीवरच्या माझ्या पेटीचा प्लगच काढला. सरांचा ठिपका अडकला, काकू दोन तास रडत बसल्या होत्या. मी बाबारावांना गाठलं.

“आभाळ आलतं. कुरडया वाळंनात. पंखा लावला!”

“माणसापेक्षा कुरडई मोठी का हो?”

“तळून पाठवतो ना राव!”

पाठवल्या. मी एकही खाल्ली नाही. घरच्यांनी फडशा पाडला!

*

परवा दुपारी काकूंचा फोन. “भाऊ, ह्यांचा ठिपका वाटंतच एका जागी हाय. अर्धा तास झाला.”

माझं टाळकं सरकलं. “बाबारावांनी प्लग काढला असंल! बघतो त्यांच्याकडं.”

“पण भाऊ, खाली टाइम तर आत्ताचाच...”

मी फोन ठेवला. बाबारावांना जिन्यातच पकडलं. पंधरा मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला. त्यांची अक्कल काढली, खुर्ची काढली, कुरडयाही काढल्या. ते एवढंच म्हणाले, “एकदा वर जाऊन तर बघा.”

वर गेलो. प्लग जागेवर होता. पेटीचा दिवा लुकलुकत होता.

ठिपक्याखालची वेळ बघा, हे मी अख्ख्या ग्रुपला शिकवतो. पेटी बंद पडली तर वेळ जुनी होत जाते. वेळ ताजी आणि जागा तीच, म्हणजे माणूसच थांबलाय. काकूंनी तेच सांगितलं होतं! मला माझाच असा संताप आला की जिना दिसेना.

जायला कार बाबारावांचीच होती. त्यांनी लगेच चावी आणली. वाटेत काकूंना घेतलं.

सर शेताच्या वाटेवर पडले होते. स्कूटी अंगावर, पाय मोडलेला, ओठ पांढरे. स्कूटीवरचा रेडिओ तेवढा चालू. काकूंनी साखर भरवली. आम्ही त्यांना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं आणि दवाखान्याकडं निघालो.

जरा वेळानं सरांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं. “लई उशीर केला रे. पेटी बंद होती व्हय?”

काकू माझ्याकडं बघत होत्या.

गाडी चालवता चालवता, मागं न बघता, बाबाराव म्हणाले, “व्हय सर. प्लग मीच काढला होता.”