पाठ दाखवण्याचा हुकूम

होळकरांचं राज्य गेलं तेव्हा संताजी वाघमोडे जेवायला बसले होते. हे ते स्वतःच सांगत, आणि अशा सुरात सांगत की त्या वेळी भूक लागली नसती तर राज्य वाचलं असतं.

दरबारात ते चोपदार होते. चांदीच्या मुठीची काठी घेऊन महाराजांच्या पुढे चालायचं, "आस्ते कदम, निगाह रखो" अशी ललकारी द्यायची, आणि काम आटोपलं की उलट्या पावलांनी बाहेर यायचं. गादीवरच्या माणसाला पाठ दाखवायची नाही, हा घराण्याचा नेम. वडील तसेच चालले, आजोबाही. तीन पिढ्या हे घराणं मोठ्या मोठ्या दालनांतून मागं मागं येत होतं.

मग संस्थानं विलीन झाली आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. त्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला. लोक रजया काढतात-ठेवतात, तसं हे सरकार. संताजींची काठी सरकारजमा झाली आणि ते एका उपमंत्र्याच्या दारात चपराशी झाले. तेसुद्धा कच्चे. नोकरी पक्की झाली नाही तर पेन्शन नाही. आणि पेन्शन नाही तर म्हातारपणी देवासला मेहुण्याच्या दारात. त्या मेहुण्याला संताजी माणसांत धरत नसत.

उपमंत्री उदयसिंहजी म्हणजे जुने चळवळे. राजेशाहीच्या नावानं इतके ओरडलेले, की आवाज कायमचा बसला होता. त्यांच्या खोलीतून संताजी सवयीनं उलटेच बाहेर येत. वऱ्हांड्यात ताटकळणाऱ्यांना आधी त्यांची पाठ दिसे. त्यांतली निम्मी मंडळी जुन्या दरबारी घरांतली. पाठ दिसली की ती आपोआप उठून उभी राहत. उदयसिंहजींना हे दारातून दिसे. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. उलट, हल्ली ते दार थोडं उघडं ठेवायला सांगत.

हरकत घेतली हेडक्लार्क दिवाकरपंतांनी. एके दिवशी मागं मागं येणारे संताजी थेट त्यांच्या हातातल्या चहावर आदळले. चहा नव्या कोऱ्या कोटावर.

"वाघमोडे! हे लोकराज्य आहे!" पंत कोट झटकत म्हणाले. "पुन्हा उलटे चाललात तर पक्कं व्हायची बात विसरा. सरळ वळायचं, पाठ दाखवायची आणि निघायचं. ही ऑर्डर समजा."

संताजींनी घरी येऊन पगडी उतरवली ती कोणी गेल्यासारखी. त्यांच्या बायकोनं, जनाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं, पाट मांडला आणि त्यावर मांडी घालून बसल्या.

"मी उपमंत्री. दाखवा पाठ."

संताजी वळायला गेले. अर्ध्यात मान अडकली.

"होत नाही गं. पाठीला चटका बसल्यासारखं वाटतं."

"का बरं? भाजी आणा म्हटलं की कशी झटक्यात दाखवता!"

"तू गादीवर कुठं असतेस?"

"अहो, चूल काय कमी गादी आहे? चला, फिरून!"

दोन-चार दिवसांच्या तालमीनंतर जमलं. सोमवारी संताजी खोलीत फाईल ठेवायला गेले, फाईल ठेवली, डोळे मिटले, वळले आणि चालू लागले.

वऱ्हांड्याला त्या दिवशी दारातून संताजींचा चेहरा बाहेर येताना दिसला.

बाकावर अप्पासाहेब होते, एका जुन्या सरदाराचे नातू. गेलेल्या जहागिरीच्या भरपाईसाठी रोज येत. त्यांचा पानाचा डबा उघडाच राहिला.

"पाहिलं का?" ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. "चोपदारानं पाठ दाखवली."

"किसको, भिया?"

"अहो, आतल्याला! म्हणजे गेले उदयसिंहजी. चोपदाराला आधी कळतं. आमच्या आजोबांच्या वेळी असंच झालं होतं."

आजोबांच्या वेळी काय झालं होतं, हे कोणी विचारलं नाही. बातमी दुपारपर्यंत सियागंज बाजारात पोचली. तिथल्या व्यापाऱ्यांनी उदयसिंहजींसाठी आणलेले हार शेजारच्या उपमंत्र्याच्या गळ्यात घातले. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं मान पुढं केली. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. तिसऱ्या दिवशी चहा गार आला. चौथ्या दिवशी खुद्द उदयसिंहजींनी ग्वाल्हेरला गेलेल्या मुख्यमंत्र्यांना फोन लावून, इकडचं तिकडचं बोलत, आपण अजून उपमंत्री आहोत ना, याची चौकशी केली. होते. पण इंदुरात हे कोणाला पटेना.

शेवटी अप्पासाहेबांचं म्हणणं दिवाकरपंतांच्या कानावर आलं आणि त्यांनी ते पडेल चेहऱ्यानं आत जाऊन सांगितलं. संताजींना बोलावणं आलं.

"संताजीराव," उदयसिंहजी बसक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही ते... पहले जैसेच जात जा ना. उलटे."

"हुजूर, ते लोकराज्याच्या विरुद्ध आहे."

"कोण म्हणतं?"

संताजींनी अदबीनं दिवाकरपंतांकडे पाहिलं. पंत खिडकीकडे पाहू लागले.

"मी सांगतो ना! माझ्यापेक्षा पंत मोठे आहेत का?"

"नाहीत, साहेब. पण मी पडलो कच्चा. कच्च्या माणसानं ऑर्डर मोडली तर त्याला घरी पाठवतात. पक्क्याला नुसती समज देतात."

बाहेर शेजारच्या दारात कोणीतरी जयजयकार करत होतं. उदयसिंहजींनी तो ऐकला आणि पंतांपुढे हात केला.

"यांचा कागद आणा. अब्भी."

कागद आला, सही झाली, शिक्का बसला. संताजींनी शाईवर फुंकर घातली, कागद दोनदा वाचला, घडी करून छातीशी ठेवला. मग तीन मुजरे केले, असे की राजवाड्यातही कधी केले नसतील. दार सताड उघडवून, संथपणे, एकेक पाऊल मागं टाकत ते निघाले, आणि वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत उलटेच गेले. शेजारच्या दारातले हार जागच्या जागी थबकले. अप्पासाहेब कुठूनसे उगवले आणि उठून उभे राहिले.

"मी म्हणालोच होतो," ते म्हणाले, "उदयसिंहजी कुठं जात नाहीत."

संध्याकाळी दिवाकरपंतांनी संताजींच्या हातात एक चिठ्ठी ठेवली: कचेरीत उलटे चालून शिस्तभंग केल्याबद्दल कडक समज. लेखी, तारखेसह.

संताजींनी ती सराफ्यातून चौकट करून आणली आणि घरात दर्शनी भिंतीवर टांगली. देवासचा मेहुणा दिवाळीला आला तेव्हा त्याला पाणी देण्याआधी ती वाचायला लावली.