सासऱ्यांची गाडी ट्रायलला

टेलरमास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, खांदे राहत. रस्त्यात कुणी हात केला की मास्तर आधी त्याचे खांदे बघत आणि मग ओळख देत, "काय, डावा अजून उतरतोय का?" समोरचा खूश होई. आपल्या डाव्या खांद्याची एवढी चौकशी घरचेही करत नाहीत, असं त्याला वाटे. दुकान बंद करून मास्तर घरी बसले तरी ही खोड गेली नाही. गळ्यात टेप असायचाच. झोपताना काढायचे, तोही बायको ओरडली तर.

बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे. लग्न झालं तेव्हा मास्तरांकडे सायकल होती आणि पुढे कितीतरी वर्षं सायकलच होती. कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बाई बाजारात गेल्या, दवाखान्यात गेल्या, मुलीच्या शाळेत गेल्या आणि कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. तो न बोललेला शब्दच मास्तरांना छळायचा. कारण बाईंच्या माहेरी मोटार होती. गोल पाठीची, बदामी रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली जुनी मोटार. सासऱ्यांनी ती चालवायला शिकवलं ते लेकीला. लग्नानंतर तिनं त्या गाडीला हात लावला नाही, कारण सायकलवाल्या नवऱ्यासमोर मोटारीचा विषय काढणं तिला बरं वाटलं नसावं. हे तिनं सांगितलं नव्हतं. मास्तरांनीच बसल्या बसल्या ओळखलं होतं आणि बसल्या बसल्याच वाईट वाटून घेतलं होतं.

सासरे गेले आणि गाडी मेहुण्याच्या अंगणात ताडपत्रीखाली गंजत पडली. मेहुण्याचं फरशांचं दुकान. त्याला माणसापेक्षा जागा जास्त दिसे. एका रविवारी चहा पिता पिता त्यानं जाहीर केलं, "ताई, भंगारवाल्याला सांगितलंय. तिथे मला शेड काढायचीय."

बाई उठल्या, अंगणात गेल्या, वाऱ्यानं सरकलेली ताडपत्री नीट ओढून परत आल्या. ते बघून मास्तरांच्या तोंडातून निघून गेलं, "गाडी मी चालू करतो."

मेहुण्याला ठसका लागला. "दाजी, तुम्ही? गाडीला काय लेंगा शिवायचाय?"

"करतो म्हटलं ना!"

"बरं. महिनाअखेरच्या रविवारी भंगारवाला येईल. त्या दिवशी ही गाडी ताईला घेऊन, कुणी न ढकलता, या फाटकातून आत आली तर गाडी तुमची. नाही आली, तर असेल तिथून तो उचलून नेईल. मग नाराज व्हायचं नाही."

मास्तरांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बायकोच्या हाती एकदा तरी तिच्या बापाच्या गाडीचं स्टिअरिंग यावं, एवढं मात्र त्यांना अगदी मनापासून हवं होतं.

घराखालचं रिकामं दुकान गॅरेज झालं. शिलाई मशीन भिंतीला सरकवली, कापड बेतायचं लांब टेबल सुट्या भागांना मिळालं. मेहुण्याकडून ओढत आणलेली गाडी आत घातली तेव्हा शटर तिच्या पाठीला जेमतेम चाटून खाली आलं. आणि मदतीला आला शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. त्याचा दवाखाना आता सून चालवत होती आणि तिनं सासऱ्यांना दवाखान्यात यायला अतिशय प्रेमानं मनाई केली होती. डॉक्टरचे हात नुसते शिवशिवत होते.

पहिल्याच दिवशी त्यानं कपाळाला दिवा बांधला, बॉनेट उघडलं, आत छोटा गोल आरसा घातला आणि सवयीनं विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"सासरे गेल्यापासून," मास्तर म्हणाले.

"हं. फार उशीर केलात."

नशीब एवढंच, की इंजिन आणि ब्रेक नाक्यावरच्या मेकॅनिकनं येऊन केले. या दोन गोष्टींना तुमच्यापैकी कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, असा दम तो दोघांना देऊन गेला. बॅटरी जुनी आहे, एकदा चालू झाली की पोचेपर्यंत गाडी बंद पाडू नका, हेही बजावून गेला. बाकी सगळा पत्रा या दोघांच्या तावडीत सापडला.

डॉक्टर टोकदार हत्यारानं गंज टोकरत फिरे. "इथे कीड आहे. इथेही आहे. हे तर पार मुळापर्यंत गेलंय, टेलर!" मग तो भोक घासून, धुऊन, वाळवून त्यात लांबीचा लगदा भरे आणि मडगार्डला धीर देई, "झालं हं, झालं." मास्तर तोंडात टाचण्या धरून दारांची मापं घेत. पत्र्याला टाचणी लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण तोंडात टाचण्या असल्याशिवाय त्यांचं डोकं चालत नसे. सीटची कव्हरं मात्र त्यांनी अशी शिवली, की तशी शिलाई नवरदेवाच्या कोटालाही मिळाली नसेल.

रंगावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मूळचा बदामी रंग जुळवायला डॉक्टर दवाखान्यातून खोट्या दातांची रंगपट्टी घेऊन आला आणि एकेक दात बॉनेटला लावून, डोळे बारीक करून बघत बसला. शेवटी गाडीला जो रंग लागला, तो बदामी नव्हता. चहाबाज माणसाच्या पुढच्या दातांचा होता. डॉक्टर म्हणाला, "नैसर्गिक दिसतोय."

बाई चहा घेऊन खाली येत, गाडीकडे बघत, "हं" म्हणत आणि वर जात. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात दोघांच्या कित्येक दुपारी गेल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. मास्तरांनी जन्मभर कापड बेतलं, कच्चे टाके घातले, गिऱ्हाईकाला ट्रायल दिली. पक्की शिलाई करायचा तो मागच्या खोलीतला कारागीर. मास्तरांनी ट्रायलपुढचं काम कधी केलंच नव्हतं. आणि डॉक्टर? तो दाताला तात्पुरतं सिमेंट लावून सांगे, "आठवडाभर बघू, त्रास नाही झाला तर पक्कं करू." पक्कं बसवायची ती आधी बायको आणि नंतर सून. दोघांच्याही आयुष्यात पक्कं काम करणारं माणूस नेहमी दुसरं कुणीतरी होतं.

त्यामुळे झालं असं. मास्तरांनी दारं, बंपर, मडगार्ड, सगळं जागच्या जागी बसवलं आणि प्रत्येक नट बोटानं अलगद फिरवून ठेवला. ट्रायलला तेवढं पुरतं. डॉक्टरनं दिवे, आरसे, पट्ट्या तात्पुरत्या चिकटवल्या. रविवारच्या आदल्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "माझं झालं." डॉक्टर म्हणाला, "माझंही झालं." दोघांनी हात झटकले आणि एकमेकांचं तोंडभरून कौतुक केलं.

रविवारी सकाळी गाडी चालू झाली. गल्ली गोळा झाली. एवढ्या वर्षांनी बाईंना चालवता येईल की नाही कोण जाणे, आज उगाच विषाची परीक्षा नको, म्हणून स्टिअरिंगवर डॉक्टर बसला. स्टिअरिंग तिला नंतर निवांत देऊ, असा मास्तरांचा बेत. डॉक्टरनं दांडा वर ओढला, खाली ओढला, बाहेर ओढला. गाडी बेडकासारखी उडी मारून थांबली आणि इंजिन आचके देऊ लागलं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आता बंद पडली की संपलंच!

मागचं दार उघडून बाई खाली उतरल्या. "भाऊजी, उठा."

"वहिनी, अहो, गिअर जरा—"

"गिअर बरा आहे. तुम्ही उठा."

डॉक्टर मागे गेला. बाई बसल्या, पदर खोचला, दांडा एका बोटानं खाली घेतला आणि गाडी गल्लीतून अशी सरळ निघाली, जणू बाई ती रोजच चालवत होत्या. मास्तर शेजारी बसून बायकोकडे बघतच राहिले. जे नंतर निवांत द्यायचं ठरवलं होतं, ते तिनं आधीच घेतलं होतं. त्यांना इतका आनंद झाला, की मागून काहीतरी खणखणल्याचं त्यांना ऐकूच आलं नाही.

"टेलर," डॉक्टर म्हणाला, "बंपर गेला."

"कुठे गेला?"

"रस्त्यावर. टेलर, नट पक्के कुणी केले?"

"तूच ना? मी फक्त ट्रायलपुरते लावले."

"मी? मी कशाला करीन? मी तर दिवेसुद्धा तात्पुरते..." एवढ्यात डावा दिवा निखळून फळवाल्याच्या टोपलीत पडला आणि डॉक्टरची दातखीळ बसली.

"अगं, थांबव!" मास्तर ओरडले.

"थांबवली तर बंद पडेल," बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "उतरा आणि आणा."

मास्तर चालत्या गाडीतून उतरले. गाडीचा वेग एवढा बेताचा होता, की उतरणं जमलं. बंपर खांद्यावर टाकून ते धावत परत येतात तो त्यांच्या बाजूचं दार गळून पडलं. ते उचलायला डॉक्टर उतरला, तर त्याच्याही बाजूचं दार त्याच्या मागोमाग उतरलं. पुढे एक मडगार्ड, मग दुसरं. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर आला आणि आरसा हातात देऊन म्हणाला, "तुमचाच ना?" एका आजीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मास्तरांना थांबायची सोय नव्हती. समोर गाडी लहान लहान होत चालली होती, वजनानंही आणि दिसायलाही, आणि बाई मागे वळूनही बघत नव्हत्या.

मेहुण्याचं घर चढावर. तो चढ बघून मास्तरांनी हातपाय गाळले. आता फक्त ढकलून गाडी वर जाईल आणि ढकलायचं तर नाही. तेवढ्यात वरून इंजिनाचा आवाज आला, एक खोकला आला, पुन्हा आवाज आला. सांगाडा का होईना, गाडी चढत होती.

दोघं लोखंड वाहत, धापा टाकत फाटकाशी पोचले, तेव्हा भंगारवाला तिथेच उभा होता. त्यानं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं, मास्तरांच्या खांद्यावरचा बंपर आपुलकीनं उतरवून घेतला आणि तराजूला अडकवला. "माल बरा आहे. रोज आणता का?"

"सोड!" मास्तर आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या अंगावर धावून गेले. "सोड, गाडी आहे ती!"

आणि मग त्यांनी आत पाहिलं. गाडी अंगणाच्या मधोमध उभी होती, इंजिन चालू. दारं नव्हती, मडगार्डं नव्हती, दिवे नव्हते. नवरदेवाच्या कोटासारख्या सीटवर बाई बसल्या होत्या. केस सुटलेले, गाल लाल. मेहुणा समोर कमरेवर हात ठेवून उभा.

"ताई, याला गाडी म्हणायचं? अर्धी तर रस्त्यावर सांडलीय!"

"ढकलली का कुणी?"

"नाही, पण—"

"फाटकातून आत आली का?"

मेहुण्यानं फाटकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"मग बाजूला हो. मला वळवायचीय."

बाईंनी गाडी मागे घेतली, अंगणातल्या फरशांच्या ढिगाला वळसा घालून एका दमात वळवली आणि मोठ्यानं हसल्या. हे हसू मास्तरांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं आपण हिच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत बसलो, सरळ विचारलं का नाही, असं वाटून त्यांना स्वतःचा राग आला, आणि दोन्ही हातांत दार असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

"अहो, बसा की," बाई म्हणाल्या. "आणि भाऊजी, तुम्हीही."

"कुठे जायचं?" मास्तरांनी विचारलं.

"पेट्रोल आहे तोवर कुठेही."

मास्तर पुढे बसले, दार मांडीवर घेऊन. डॉक्टर दुसरं दार आणि मडगार्डं घेऊन मागे शिरला. बाईंनी दांड्याला हात घातला, पण गाडी निघाली नाही. मेहुणा तिथेच उभा होता, मघाचा रुबाब कुठल्या कुठे गेलेला. चप्पल जमिनीवर घासत तो म्हणाला, "ताई, मी पण येऊ?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या मांडीवरचं दार उचलून भावाच्या हातात दिलं.

"ये. मागे बस. आणि हे घट्ट धर, या दोघांना काही ते जमायचं नाही."