ताठलेले पाय घेऊन मार्कंड्याला

चंद्रपूरची लांब पल्ल्याची शर्यत मी पुरी केली खरी, पण दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरायला आईला हाक मारावी लागली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धावल्यावर पायांचं काय करायचं, हे सांगणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. आई म्हणाली, "ताईकडे जा मार्कंड्याले. पडून राह्य."

तुम्हाला जायचं असेल तर मूल, सावली, गडचिरोली करत चामोर्शीपर्यंत एसटी. मूलच्या स्टँडवर तर्री-पोहे चुकवू नका. मी खिडकीतूनच मागवले. खाली उतरलो असतो तर पुन्हा चढलो नसतो. चामोर्शीला कळलं की चढण्यापेक्षा उतरणं वाईट. दांडा धरून पाठमोरा उतरू लागलो.

"थांबा बाप्पा, भाऊ उतरून राह्यले," कंडक्टरनं मागच्यांना समजावलं.

"मूलपासून उतरूनच राह्यले वाटते," एक बाई म्हणाली.

पुढे बैलगाडीत धानाच्या तणसावर आडवा पडून मार्कंडा गाठलं. ताईनं पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळलं, वैनगंगेच्या मासोळीचा रस्सा आणि भात वाढला, आणि मी सुखावलेला पाहून म्हणाली, "उद्या पोरगी पाहाले जाऊ."

"ताई, मले चालता येत नाई!"

"तुले पोरगी पाहाची आहे, पकडाची नाई."

मुलीचं घर त्याच गल्लीत होतं. सुजाता चामोर्शीच्या शाळेत शिकवायची. जय भीम झाला, चहा झाला, पण सतरंजीवरून मला उठवेना. तिचे वडील आणि माझे भाऊजी, दोघांनी काखेत हात घालून उभं केलं.

"पायात काई खोट आहे का?" वडिलांनी हळूच विचारलं.

"चालून दाखवा," सुजाताची आत्या म्हणाली. "पोरीले चालवतेत, मंग पोराले काऊन नाई?"

सुजाताला हसू आवरेना. "नदीपर्यंत जाऊ द्या, आत्या. मीपन येते."

मी बदकासारखा पुढे, सुजाता बाजूला, पहाऱ्याला आत्या मागे. देवळांच्या मागून घाटावर उतरलो आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. गारव्यानं पाय पहिल्यांदा माझे वाटले. थकलेल्या माणसाला आजही मी हेच सांगतो.

"कितवे आले?" तिनं काठावरून विचारलं.

"शेवटून दुसरा."

"मंग मधेच सोडलं काऊन नाई?"

"चपला शेवटाला ठेवल्या होत्या."

ती मनापासून हसली. मग थेट विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडा म्हणाल का? याआधी आलेले दोघं म्हणाले."

इतका वेळ मी मजेत होतो. आता मात्र ही मुलगी हातची जाऊ नये असं फार वाटलं. "सोडू नका," मी म्हटलं. "चंद्रपूरला बदली होईपर्यंत मीच येत जाईन."

"या पायांनी?"

"बरे होतील हो!"

 मला पाण्यातून काठावर चढवत नाही असं पाहून तिनं हात पुढे केला. आत्या खोकली. सुजातानं हात मागे घेतला नाही.

ताईकडे आणखी काही दिवस खाल्लं, झोपलो, आणि घरी आलो. पाय लवकरच मोकळे झाले, जीव मात्र टांगलेला. पोस्टमनची सायकल दिसली की मी दाराशी. पण पत्र आलंच नाही. एका दुपारी आत्या स्वतःच आमच्या ओट्यावर येऊन बसली. आईनं पाणी दिलं. ते सावकाश पिऊन, माझ्याकडे न बघता, आत्या आईला म्हणाली, "पोरीनं सांगतलं, पोरगा चालते."