फळीवरची बामाची डबी

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या बाजारात वांगी निवडत होते. ‘बाबा गेले,’ एवढंच आमचे हे म्हणाले. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘दवाखान्यात नेलं होतं का?’ ‘नाही. आले असते काय ते? छातीले बाम लावून बसले होते. बसल्या बसल्याच गेले.’ भर बाजारात मला रडू येण्याआधी संताप आला. सासरा गेल्यावर सुनेने असं लिहू नये, हे मला कळतं. पण तेरवीला आंबागड गावची निम्मी माणसं आमच्या ओसरीत बसून, बुंदीचा घास तोंडात ठेवून, ‘बुढ्याच्या हाताले गुण होता’ असं सांगत होती. त्या हाताने काय केलं होतं, ते त्यांच्यापैकी एकालाही आठवत नव्हतं. मला आठवतं, म्हणून लिहिते आहे.

मामाजींची सगळी नोकरी चिखल्याच्या खाणीत गेली, जमिनीखाली, मँगनीजच्या धुळीत. निवृत्त होऊन गावी आले ते खोकला आणि बामाची डबी घेऊनच. कापूर-निलगिरीचा तो बाम, कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारा. मामाजींना जगातली तेवढी एकच विद्या येत होती आणि ती आपल्याला पूर्ण येते असा त्यांचा समज होता. नाक चोंदलं की बोट थेट नाकपुडीत. कफ झाला की उकळत्या पाण्यात बामाचा गोळा टाकून त्यावर तोंड धरायचं. एकदा पाणी उसळून गाल भाजला, पण अक्कल काही आली नाही. घसा बसला की बोटभर बाम गुळाबरोबर चाटायचा. हा पोटात घ्यायचा नाही, नाकात घालायचा नाही, गरम करायचा नाही, असं डबीवर छापलेलं असतं. मी एकदा त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते छापलं होतं. ‘लिवणाऱ्यानं खदान पाहिली काय कधी?’ म्हणाले. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं : झोंबलं म्हणजे लागू पडलं. या हिशेबाने आमच्या घरच्या मिरचीच्या ठेच्यालाही डॉक्टरकीची पदवी द्यायला हवी होती.

माझी रेवा तेव्हा आठ महिन्यांची होती. धानाची कापणी चालू होती, तिला सर्दी झालेली, आणि मी तिला मामाजींपाशी ठेवून बांधीत, म्हणजे शेतात, गेले होते. संध्याकाळी परतले तर पोरगी गोधडीत गुंडाळून निजवलेली. ‘उठवू नको तिले,’ मामाजी ऐटीत म्हणाले. ‘छाती घरघर करून राहिली होती. आता पाह्य, कशी गपगार निजली.’ मी दमलेली होते, तिचं कपाळ पाहिलं, गार होतं. सकाळी गोधडी काढली तेव्हा तिचा श्वास वर लागला होता, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि छातीवर फडकं करकचून बांधलेलं होतं. आमच्याकडे लहान मुलांच्या छातीवर एरंडाचं पान शेकून बांधायची जुनी रीत आहे, तेलाचं बोट लावून, वर सैल फडकं. मामाजींनी त्या रीतीत सुधारणा केली होती. तेलाऐवजी बाम, तोही बोटं भरभरून. वर निखाऱ्यावर शेकलेलं पान. आणि उरलासुरला बाम तिच्या नाकाखाली. फडकं सोडलं तर पानाबरोबर कातडी सुटून आली.

तुमसरला दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्यांना ऑटोतून खाली ढकललं असतं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला ऑक्सिजन लावला, जखम धुतली आणि मग माझ्याकडे वळल्या. ‘दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हा बाम लावतच नाहीत. नाकाखाली तर मोठ्यांनीही लावू नये. बाळाच्या नाकाची आग होते, शेंबूड वाढतो, श्वास कोंडतो. मोठ्या माणसाने छाती-गळ्यावर पातळ लावावा, वर सैल सदरा घालावा. बांधायचं नाही, शेकायचं नाही. आणि त्याने कफ सुटत नाही हो! गार वाटतं, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.’ हे सगळं ऐकायला मामाजी आत नव्हतेच. दवाखान्याच्या पायऱ्यांखाली, कडुनिंबाला टेकून उभे होते. मी बाहेर येऊन शब्दन् शब्द त्यांना ऐकवला, आणि वर म्हटलं, ‘मामाजी, माझी पोरगी गेली असती तर मी तुमाले या जन्मात पाणी पाजलं नसतं.’ ते म्हणाले, ‘माह्या चार पोराईले याच बामानं वाढवलं...’ आणि तिथेच थांबले. चुकलो, हा शब्द काही त्यांच्या घशातून निघाला नाही. तो बाम चाटूनही निघाला नसता.

रेवा वाचली. छातीवर चट्टा राहिला. घरी आणलं त्या दिवशी मामाजींनी एक फळी शोधून काढली आणि त्यांच्या खोलीत भिंतीवर, त्यांचाही हात पोचणार नाही एवढ्या उंच, ठोकली. डबी तिच्यावर ठेवली. खाली एक लाकडी स्टूल. तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवणं झाली की ते स्टुलावर चढायचे, डबी उतरवायचे, छातीला बाम फासायचे, पुन्हा चढून डबी वर ठेवायचे. कोणी शेजारीण कडेवर पोर घेऊन ‘जरासा बाम लावून द्या’ म्हणत आली की तिच्यावर खेकसायचे, ‘दोन वरसाच्या आतल्या पोराले नाही लावत हा! इथं कायले आली? दवाखान्यात ने त्याले!’ तेरवीला हाताचा गुण सांगणाऱ्यांत त्यातल्या दोन शेजारणी होत्या. माणूस मेला की लोक काहीही बोलतात.

हीच समज स्वतःच्या खोकल्याला मात्र लावायची नाही, अशी त्यांची जिद्द. पुढे पुढे ओसरीतून आडापर्यंत जाताना धाप लागायची. स्टुलावर एक पाय ठेवून मिनिटभर थांबायचे, मग दुसरा उचलायचे. मी म्हणायचे, ‘मामाजी, दवाखान्यात चला, छातीचा फोटो काढू.’ उत्तर ठरलेलं : ‘बाम हाये ना.’ एकदा चिडून विचारलं, ‘रेवा केवढी झाली! आता डबी काहून वर ठेवता? खाली ठेवा, चढता येत नाही तुमाले.’ ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘लेकराईच्या घरी डबी खाली नाही ठेवत.’ घरात तेव्हा लेकरू नव्हतं. रेवा शाळेच्या पटांगणात पोरांना कबड्डीत लोळवत होती. धापा टाकत रोज स्टूल चढणाऱ्या या माणसाला दवाखान्याच्या चार पायऱ्या चढता आल्या नाहीत. याला मूर्खपणा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तो माणूस मूर्ख होता, हट्टी होता, आणि मला अजून त्याचा राग आहे.

परवा त्यांची खोली आवरायला घेतली. रेवा मदतीला होती. मामाजींपेक्षाही उंच झालेली ती स्टूल बाजूला सारून टाचा उंचावून उभी राहिली आणि जमिनीवरूनच तिचा हात फळीपर्यंत पोचला. डबी काढून तिने पाहिली. ‘आई, आबाजी हे एवढ्या वर कायले ठेवत होते ओ?’

‘येडे होते म्हणून,’ मी म्हटलं.

तिचा हात नकळत गळ्याखाली, चट्ट्यावर गेला. त्याची गोष्ट तिला ठाऊक आहे. तिने डबी पुन्हा फळीवर, होती तिथेच ठेवली. मी स्टूल ओढून पुन्हा फळीखाली लावलं.