चौथ्या बास्केटच्या आड येणारी वाट

मी पत्रकं लिहायला नागपूरच्या कॉलेजात शिकले. पहिलं वाक्य प्रश्नाचं, दुसरं आरोपाचं, तिसरं मागणीचं. टेक्ससमधल्या या उपनगरात नोकरीला आले तरी ती सवय सुटली नाही. आमच्या पार्कात डिस्क गोल्फचा नवा कोर्स झाला, तेव्हा आठवडाभरात माझं पत्रक तयार होतं.

रागाला कारण होतं. झाडांमधून लोखंडी खांब उभे केले, त्यांना साखळ्यांच्या बास्केट लावल्या. लांबून तबकडी फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळीत अडकवायची, असा खेळ. खेळाला माझा विरोध नाही. पण चौथ्या बास्केटकडे जाणारी तबकडी ज्या उतारावरून उडते, त्याच्या उजव्या कडेनेच पायवाट जाते. त्या वाटेवर रोज सकाळी कोण चालतं? आमच्यासारख्यांचे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. स्पोर्ट्स शूज, माकडटोपी, हात मागे बांधलेले. त्यांना गाडी चालवता येत नाही. ती वाट हीच त्यांची अख्खी अमेरिका. आणि कोर्स आखताना त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. सूचना वेबसाइटवर होती म्हणे!

माझ्या पत्रकात शेवटची ओळ होती : ‘उद्या कोणाच्या डोक्याला लागलं तर जबाबदार कोण?’

ऑफिसातला मित्र पुण्याचा, या खेळाचा वेडा. त्याने पत्रक वाचलं आणि म्हणाला, "यार, एकदा तरी खेळलीस का? आधी खेळ, मग घाल शिव्या."

"खेळते. आणि मग दुप्पट शिव्या घालते."

शनिवारी सकाळी गेलो. पहिल्या तीन बास्केटना माझ्या तबकड्या झुडपांत. मित्र हसून हसून बेजार. "भाकरी थापतेयस का? मनगट फिरव, मनगट!" खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. इतकी, की चौथ्या ठिकाणी उभी राहिले तेव्हा मी उजवीकडे पाहिलंच नाही. ज्या वाटेवर मी पानभर लिहिलं होतं, त्या वाटेकडे.

तबकडी हातातून उशिरा सुटली. वाऱ्यावर चढली आणि उजवीकडे वळली. तेव्हा मला खाली दिसले पाच म्हातारे, आमच्याकडे पाठ करून चाललेले. मधली निळी टोपी माझ्या वडिलांची.

मित्र ओरडला, "फोर!" म्हणजे तबकडी येतेय, सांभाळा. खेळणाऱ्याला ते कळतं, तो डोकं झाकतो.

मी ओरडले, "बाबा!"

पाचही जण थांबले. पाचही जण वळले. इथे परदेशात मराठीत कोणी ‘बाबा’ अशी हाक मारली, तर ती आपल्याच लेकराची असणार, असं त्या प्रत्येकाला वाटलं. मी गप्प राहिले असते तर वडील दोन पावलं पुढे गेले असते आणि तबकडी मागून निघून गेली असती. पण ते थांबले, आणि ती त्यांच्या कानाच्या वर आदळली.

ते मटकन गवतावर बसले.

मी कशी पोचले आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट : दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातल्यापासून ते रक्त पातळ करायची गोळी घेतात. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पडू नका, डोक्याला लागू देऊ नका. आतल्या आत रक्त साचतं, बाहेर काही दिसत नाही.

"काही नाही झालं," बाबा म्हणाले. टेंगूळ वाढताना दिसत होतं.

त्यांच्या सोबतचे एक काका भडकले होते. "कोणी मारली ही थाळी? पोलिसांना बोलवा!"

"मी," मी म्हटलं. "मी मारली, काका."

त्यांच्याच हातात मी चार दिवसांपूर्वी पत्रक दिलं होतं.

मित्राने गाडी इमर्जन्सीकडे काढली. मी बाबांसोबत मागे बसले. भान ठीक आहे ना हे बघायला तारीख विचारली, तर म्हणाले, "रिटायर माणसाला तारीख विचारतेस?" बाबा गणिताचे मास्तर होते, म्हणून म्हटलं, "एकोणतीसचा पाढा म्हणा."

त्यांनी सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी." आवाज खणखणीत. "चोक एकशे सोळा. पाचा एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते…"

आणि थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले.

सिग्नल लाल होता. मित्राने आरशातून पाहिलं. हेच ते, मी मनात म्हटलं, आत रक्त साचतंय आणि पाढा बुडतोय.

"बाबा!"

ते वळले. "ओरडतेस कशाला? एकोणतीस साते किती? तू सांग. वर्गात मी नेहमी इथेच थांबायचो. इथे पोरं पकडली जायची."

मला येत नव्हतं. मी तिथेच रडायला लागले.

"दोनशे तीन," बाबा म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

स्कॅन साफ निघाला. दिवसभर लक्ष ठेवा, डॉक्टर म्हणाले. दिवसभर मी दर तासाला पाढा विचारला. सत्तावीसच्या पाढ्यानंतर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं.

संध्याकाळी माझं पत्रक त्यांच्या हातात होतं. शेवटच्या ओळीतल्या ‘जबाबदार कोण?’भोवती लाल गोल, समासात मास्तरी अक्षर : ‘प्रश्न बरा आहे. उत्तर लिही.’

मी लिहिलं. वाटेकडे न बघता कोर्स आखणारे, आणि वाट माहीत असून न बघता फेकणारी मी. मित्र म्हणाला, अशाने तुझी बाजू लंगडी पडेल. पडू दे. चौथी बास्केट हलवा, ही मागणी मी तशीच ठेवली आहे.

बास्केट अजून तिथेच आहे. बाबांनी चालणं सोडलेलं नाही. तो उतार आला की मी त्यांच्या आणि फेकणाऱ्यांच्या मधून चालते. मागून साखळी वाजते आणि ‘बाबा!’ ही हाक ओठांवर येते. तोंड मात्र मी घट्ट मिटून ठेवते.