कुंदाचे दोन फ्री थ्रो

लोक न्यूझीलंडला डोंगर आणि तळी बघायला जातात. मी गेले एका बाईला एक प्रश्न विचारायला. घरी अर्थातच तसं सांगितलं नाही. "नंदूनं नवीन घर घेतलंय, किती दिवस बोलावतोय, जाऊन येते," एवढंच म्हटलं. नंदू माझा धाकटा भाऊ, ऑकलंडला डॉक्टर आहे. हे मला विमानतळावर सोडायला आले होते. निघताना म्हणाले, "हवापालटाला चाललीयस ना? मग तिथं कुणाशी भांडू नकोस." बावीस वर्षांचा संसार आहे, माणूस ओळखतो.

प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीचा होता. पुण्यात आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मी कॅप्टन, आणि कुंदा माझी जिवाभावाची मैत्रीण. दोन वर्षं आम्ही एका संघात खेळलो. तिनं न बघता पास टाकावा आणि मी तिथं आधीच पोचलेली असावी, असं आमचं चालायचं. शेवटच्या वर्षी तिनं आमचं कॉलेज सोडलं आणि नदीपलीकडच्या कॉलेजात नाव घातलं. आता, पुण्यात नदीपलीकडे जायचं म्हणजे सायकलवर पाच मिनिटं. पण त्या कॉलेजशी आमचं हाडवैर. त्यांच्याविरुद्ध मॅच असली की आमची पोरं ओरडायची, "नदीपलीकडं काय हाय? हरलेल्यांची रांग हाय!" त्या रांगेत कुंदा जाऊन उभी राहिली. तिला मायक्रोबायॉलॉजी घ्यायचं होतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. हे कारण मला तेव्हा काडीचंही पटलं नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

त्या वर्षी फायनलला आम्ही आणि ते समोरासमोर. शेवटचे काही सेकंद उरलेले, आम्ही एका गुणानं पुढे, आणि कुंदाला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे अडवायला कुणी नाही, रेषेवर उभं राहून निवांत चेंडू टाकायचा. कुंदा ते झोपेतसुद्धा घालायची. तिचे दोन्ही चुकले. आम्ही जिंकलो, कप मी उचलला, आणि त्या दिवसापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. ती खरंच चुकली, की माझ्यासाठी तिनं चुकवले? मुद्दाम चुकवले असतील तर आमचा कप भिकेचा. खरंच चुकले असतील तर ती मनानंसुद्धा पलीकडची झाली होती. कसाही विचार केला तरी मला त्रासच. पुढे ती लग्नाची पत्रिका घेऊन घरी आली, तेव्हा मी आतल्या खोलीतून आईला खुणावलं, 'नाही म्हणून सांग.' मग ती परदेशात गेली ती गेलीच.

ऑकलंडच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या माझे डिंकाचे लाडू गेले. तिथं बाहेरचं खाणं आत आणू देत नाहीत, हे नंदूनं फोनवर बजावलं होतं, पण मी म्हटलं, लाडू काय खाणं आहे? ते तर औषध. अधिकारी पोरगी गोड होती. तिनं डबा उघडला, एक लाडू उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, यात काय काय आहे? मी खारीक, खोबरं, खसखस असं खरं खरं सांगत गेले. खसखस ऐकल्यावर तिनं डबा बंद केला तो कायमचाच. मॅचच्या आधी कुंदा माझ्या डब्यातले दोन लाडू खायची, म्हणून केले होते. मी रिकाम्या हातानं बाहेर आले.

नंदूचं घर अल्बनीला, शहराच्या उत्तरेला. नवी कोरी घरं, आणि ती संपली की लगेच गवताळ उतार, त्यावर गाई. ऑगस्टचा महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. पाऊस पडतो, थांबतो, ऊन पडतं, इंद्रधनुष्य निघतं, परत पाऊस, आणि हे सगळं एक कप चहा होईस्तोवर. नंदू आणि त्याची बायको स्मिता (ती नर्स आहे) सकाळी ड्यूटीवर गेले की मी काचेपाशी बसून गाई मोजायची. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुण्यातल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीकडून मिळवलेला कुंदाचा नंबर पर्समध्ये होता. चार दिवस मी नुसती फोनकडे बघत होते. पाचव्या दिवशी लावला.

"हॅलो, कुंदा बोलतेय."

"मी शालिनी."

"शाले? मेले, कुठून बोलतेस?"

"अल्बनीहून."

"अगं बाई!" ती इतक्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "शुक्रवारी ये. आमच्या कॉलेजची मॅच आहे चार वाजता. बास्केटबॉल! तू आलीच पाहिजेस."

फोन ठेवला आणि माझं डोकं भणभणायला लागलं. आमच्या कॉलेजची? कुठल्या आमच्या? इथं त्या नदीपलीकडच्यांनी संघबिंघ काढलाय की काय? आणि पंचवीस वर्षांनीसुद्धा ही बाई मला तोंडावर 'आमचं कॉलेज' म्हणून सांगते, म्हणजे कमालच झाली! शुक्रवारपर्यंत मी धुमसत होते. खरं सांगायचं तर आनंदानंही धुमसत होते.

शुक्रवारी बसनं शहरात गेले. वाटेत मोठा पूल लागतो, खाली समुद्र, त्यात शिडाच्या होड्या उभ्या. शहरातून पापाटोएटोची गाडी पकडली. ऑकलंडच्या दक्षिणेला हे उपनगर आहे. दोन-तीन डब्यांची डिझेलची गाडी, आणि बसायला हवी तेवढी जागा. समोर एक धिप्पाड सामोअन (सामोआ बेटावरची) बाई बसली होती, केसात मोठं फूल. 'किया ओरा' (माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेतला नमस्कार) म्हणाली. कुठं जातेयस विचारलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की पंचवीस वर्षांनी एका मैत्रिणीला भेटायला चाललेय, भांडण झालं होतं. तिनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "कशावरून गं, नवऱ्यावरून?" मी म्हटलं, "बास्केटबॉलवरून." ती जी हसत सुटली, ती ओटाहुहु स्टेशन येईपर्यंत हसतच होती. तिथं उतरताना मला म्हणाली, एक स्टेशन सोडून पुढचं तुझं, उतरायला विसरू नकोस, आणि आधी मिठी मार, मग बोल.

कुंदानं फोनवर खूण दिली होती, "स्टेशनातून बाहेर पडलीस की समोर डेअरी आहे, तिथं थांब." मी दुधाचे कॅन, गाईचं चित्र, काहीतरी दिसेल म्हणून रस्ता पालथा घातला. भारतीय दुकानं होती, साड्या होत्या, मसाले होते, डेअरी काही दिसेना. शेवटी एका दुकानात शिरले. पाव, वर्तमानपत्रं, चॉकलेटं, खिळ्याला टांगलेल्या रबरी सपाता (यांना इथं जँडल म्हणतात). गल्ल्यावरच्या फिजीच्या भारतीय माणसाला हिंदीत विचारलं, "भाईसाब, दूध की डेअरी कहाँ है?"

"बहनजी, यही तो डेअरी है."

"मग दूध कुठाय?" मी मराठीतच तडकले.

"फ्रिजमध्ये," मागून मराठीतच उत्तर आलं. "इथं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, येडे."

कुंदा! कापलेले पांढरे केस, गळ्यात हॉस्पिटलच्या लॅबचं ओळखपत्र, आणि तेच वाकडं हसू. सामोअन बाईचा सल्ला मी विसरले. "म्हातारी झालीस," मी म्हटलं. "आणि तू जाडी," ती म्हणाली. मिठी राहूनच गेली.

गाडीत आम्ही हवापाण्याबद्दल बोललो. दोन शहाण्या बायकांनी इतका वेळ पावसाबद्दल बोलावं, याची मला लाज वाटत होती.

कॉलेज आलं. आत गेले तर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी वॉर्म-अप करतायत. इथं हायस्कुलाला कॉलेज म्हणतात, हा उलगडा मला तिथं झाला. 'आमचं कॉलेज' म्हणजे तिच्या मुलीचं, ईराचं. मी हसायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं, तुमचं कॉलेज."

तिला कळलं.

त्या पोरींचं कोर्ट बघून मात्र मला हेवा वाटला. लाकडी, गुळगुळीत, डोक्यावर छप्पर! आम्ही मातीत खेळायचो, पडलं की गुडघा सोलायचा, आणि खडूची रेघ पुसली गेली की ती कुठं होती यावरून अर्धा तास वाद. माझं स्पष्ट मत आहे, बँकांच्या, रेल्वेच्या संघांचे सामने कितीही चांगले असोत, त्यांत जीव नसतो. तिथं खेळाडू वर्षानुवर्षं तेच. कॉलेजचा संघ तीन वर्षांत बदलतो. आज जिच्यासाठी घसा फोडला ती पुढच्या वर्षी नाहीच. म्हणून तर असं जिवाच्या आकांतानं ओरडायचं. आणि समोर हाडवैरी नसेल तर ओरडायचं कुणासाठी? मी आजही दरवर्षी आमच्या कॉलेजची फायनल बघायला जाते. संघात ओळखीचं कुणी नसतं, तरी घसा बसतोच.

सामन्याआधी समोरच्या शाळेच्या मुलींनी हाका केला (माओरी लोकांचं आव्हान, पाय आपटून, मांड्या बडवून, डोळे वटारून देतात). माझ्या अंगावर काटा आला. यजमान मुलींनी उलट हाका करून उत्तर दिलं. वैर करावं तर असं, रीतसर, तोंडावर. मी उगाच वर्षभर तोंड फिरवून बसले होते.

ईरा आईसारखीच खेळत होती, पण बचावात हात खाली. मला राहवेना. "अगं हात! हात वर कर!" मी ओरडले, आणि त्याच क्षणी शेजारून कुंदाही तेच ओरडली, त्याच सुरात. आजूबाजूचे आईबाप वळून बघायला लागले. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता ओरडत राहिलो. ईराचा संघ हरला तो हरलाच.

सामना संपल्यावर ईरा घामाघूम आली, सोबत समोरच्या संघातली एक उंच माओरी मुलगी. दोघी एकाच पाकिटातले चिप्स खात होत्या. "हाय शालूमावशी! मम् म्हणते यू हॅड द बेस्ट लेफ्ट हँड."

"ही तुझी मैत्रीण? त्या शाळेत?"

"येस, लहानपणापासून. शी मूव्ह्ड लास्ट इयर. कोर्टवर वी फाइट हीप्स." तिनं खांदे उडवले. 'हीप्स' म्हणजे पुष्कळ. मैत्रीण म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे सगळं छान. मला वाटलं, बस, आता विचारायचंच.

घरी कुंदानं कुमारा (इथलं रताळं) किसायला घेतलं. ईरा आंघोळीला गेली होती, तिचा नवरा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता. मी दाराला टेकून उभी राहिले.

"कुंदे, ते दोन फ्री थ्रो."

ती 'कुठले' म्हणेल, याची मला भीती होती. ती किसता किसता म्हणाली, "पहिला रिंगला लागून बाहेर आला. दुसरा आखूड पडला."

"मुद्दाम?"

तिनं किसणी खाली ठेवली. "मुद्दाम? अगं, एवढा जीव ओतून मी आयुष्यात चेंडू टाकला नव्हता. हात थरथरत होते, म्हणून चुकले."

"एवढं आम्हाला हरवायचं होतं?"

"तुला हरवायचं होतं." तिचा आवाज चढला. "वर्षभर तू माझ्याशी बोलत नव्हतीस, शाले. मी म्हटलं, ही जिंकली तर कप घेऊन मिरवत निघून जाईल. पण हरली तर? तुला हरणं कुठं पचायचं! तू तावातावानं माझ्याकडं आली असतीस, चार शिव्या घातल्या असत्यास."

"मग?"

"मग काय? बोलायला तर लागली असतीस."

मला हुंदका आवरेना. मी खरंच मिरवत गेले होते. ती एकटी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती, ते मला दिसलं होतं, आणि बघून मी पुढे गेले होते. मी तिला पत्रिकेचंही सांगून टाकलं. घरात होते, आईला खोटं बोलायला लावलं.

"माहीत आहे," कुंदा म्हणाली. "पडद्याखालून तुझे पाय दिसत होते."

मग मिठी मारली. ईरा केस पुसत आली, आम्हाला बघितलं, आणि गुपचूप परत फिरली.

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही दोनदाच भेटू शकलो. तिच्या लॅबच्या पाळ्या, आणि अल्बनी ते पापाटोएटो म्हणजे शहराची दोन टोकं. एकदा समुद्रावर कागदात गुंडाळलेले फिश अँड चिप्स खाल्ले आणि सीगल पक्ष्यांनी अर्धे पळवले. एकदा नुसत्या बसून राहिलो. पंचवीस वर्षांचं बोलणं दोन दुपारींत कसं उरकणार? तिच्या आईच्या आजारपणाबद्दल अर्धंच झालं, माझ्या नोकरीबद्दल काहीच नाही. विमानतळावर ती ड्यूटीमुळे येऊ शकली नाही. फोनवर म्हणाली, "परत ये." मी म्हटलं, "येते." तिकिटाचा खर्च दोघींना ठाऊक होता.

विमानात शेजारचा तरुण मला दक्षिणेकडच्या बर्फाच्या डोंगरांचे फोटो दाखवत होता. तुम्ही काय काय पाहिलंत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, एक शाळेचा सामना. त्या बिचाऱ्यानं फोटो आवरले. मी आयुष्यभर आमच्या कॉलेजची. तो कप अजून आमच्या जिमखान्याच्या कपाटात आहे, त्यावर माझं नाव आहे, आणि त्याच्याविरुद्ध ब्र काढणाऱ्याला मी आजवर सोडलेलं नाही. पण त्या रात्रभर मी डोळे मिटून तेच दोन चेंडू पुन्हा पुन्हा टाकत होते, कुंदाच्या हातानं. एक पडला असता तर बरोबरी झाली असती, जादा वेळ मिळाला असता. नाही, बरोबरीनं माझं काय होणार होतं? दोन्ही पडायला हवे होते.